शालेय सहल : उद्देश, पूर्वतयारी आणि जबाबदारी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यासाठी सिद्ध केलेले भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की प्रत्येक वर्गात एक प्रश्न हटकून विचारला जातो : "गुरुजी, यंदा सहल कुठे?" या प्रश्नाचे उत्तर देताना शिक्षकाच्या मनात दोन विचार एकाच वेळी उभे राहतात. एक आनंदाचा, दुसरा धास्तीचा. मुलांना गावाबाहेरचे जग दाखवावे ही त्याची मनापासूनची इच्छा असते. पण परक्या ठिकाणी चाळीस मुलांचे काही बरेवाईट झाले तर त्यांच्या आईबापांना कोणत्या तोंडाने सामोरे जायचे, ही चिंताही त्याला सोडीत नाही. मग कोठे कोठे शाळा सहलच रद्द करतात, तर कोठे "आजवर काही झाले नाही, आताही होणार नाही" अशा भरवशावर मुलांना गाडीत बसवतात. हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत. पहिल्याने मुलांचे शिक्षण बुडते. दुसऱ्याने त्यांचा जीव टांगणीला लागतो. यांच्यामधला तिसरा मार्ग पूर्वतयारीचा आहे आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

सहल हवी कशासाठी?

शाळा म्हणजे चार भिंती, ही कल्पना आपल्या शिक्षणपरंपरेला कधीच मान्य नव्हती. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू केली, ती झाडांच्या सावलीत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी जे कार्य केले, त्यात कुरणशाळेचा प्रयोग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गुरे राखण्याच्या कामामुळे मुलांना शाळेत येता येत नव्हते. तेव्हा शाळाच कुरणात गेली. परिसर हेच पाठ्यपुस्तक, हे तत्त्व केवळ भाषणात न ठेवता या शिक्षिकांनी आचरणात आणले.

शहरातल्या मुलाला जग दाखविणारी साधने पुष्कळ आहेत. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलीला मात्र शाळेची सहल हीच पुष्कळदा तालुक्याबाहेर पडण्याची एकमेव संधी असते. ती संधी भीतीपोटी हिरावून घेणे हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून सहल काढावी की नाही हा प्रश्न नसून ती कशी काढावी हा प्रश्न आहे.

सहल म्हणजे लांबचा प्रवासच, हाही एक गैरसमज आहे. आठवड्याचा बाजार, टपाल कार्यालय, कुंभाराचा आवा, ओढ्याकाठची वनराई, दूध संकलन केंद्र ही सर्व सहलीचीच स्थळे होत. अंतरावर ज्ञान अवलंबून नसते. वर्षातून चार-पाच वेळा पायी जाऊन येण्याच्या लहान सहली आणि वर्षाअखेर एक मोठी सहल, असा क्रम ठेवला तर मुलांना रांगेत चालण्याची, हाक मारताच थांबण्याची, आपल्या सोबत्यावर लक्ष ठेवण्याची सवय लागते आणि मोठ्या सहलीत ती उपयोगी पडते. मात्र गावातल्या गावातही बेसावध राहून चालणार नाही. कठडा नसलेली विहीर, ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरांचा रस्ता, उघडा विद्युत्-डबा यांची नोंद आधीच घेतलेली असली पाहिजे.

गेल्या काही वर्षांतील दुर्घटनांचा बोध

जे घडले ते डोळ्यांआड करून सावधपणा शिकता येत नाही. २० फेब्रुवारी २००७ रोजी केरळातील तट्टेकाड येथे सहलीची बोट बुडून पंधरा विद्यार्थी व तीन शिक्षक दगावले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या.

या चारही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. चारही ठिकाणी मृत्यू पाण्याने आला. मुरूडला आणि बियासच्या काठी बुडालेली तर मोठी, जाणती मुले होती. पाणी पाहून मुलांना जो हर्ष होतो तो इतका अनावर असतो की कोणतीही सूचना त्यापुढे टिकत नाही. बोटींच्या दुर्घटनांत मुलांचा काहीच दोष नव्हता. बोटीत किती माणसे बसवावीत, प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट आहे की नाही, हे पाहणे मोठ्यांचे काम होते. तेव्हा प्राथमिक शाळेच्या सहलीसाठी नियम सरळ आणि निरपवाद असावा : मुलांनी पाण्यात उतरावयाचे नाही आणि त्यांना बोटीत बसवावयाचे नाही. पाणी दुरून पाहावे. "फक्त पाय बुडवू द्या" या आर्जवाला शिक्षकाने बळी पडू नये, कारण पुढची पायरी कोठे खोल आहे हे काठावरून दिसत नाही.

समुद्रकिनारी जाणाऱ्यांना भरती-ओहोटीचे ज्ञान असणे अगत्याचे आहे. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. कोकणातील कोळी बांधव तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाणाची भरती असते व पाणी किनाऱ्यावर फार आत येते. हा स्थूल हिशेब वर्गात गणिताच्या तासाला शिकविण्याजोगा आहे. पण सहलीचा दिवस ठरविताना छापील भरतीपत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारावे. घाटमाथ्यावरून येणाऱ्या शिक्षकाला ओसरलेला समुद्र शांत वाटतो, आणि तीच फसगत होय.

नदीचेही तसेच आहे. वर धरण असेल तर कोरडे पात्र हे सुरक्षित पात्र नव्हे. आकाशात ढग नसतानाही पाणी येऊ शकते. पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजत असला तरी गोंगाटात गुंगलेल्या मुलांना तो ऐकू येईलच असे नाही. शिरूर व पारनेर तालुक्यांच्या सीमेवर निघोजजवळ कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते भूगोलाच्या पाठासाठी अप्रतिम. प्रवाहात गरगर फिरणारे दगडगोटे कातळ कसा कोरतात, याचे त्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पण तेच खळगे खोल आणि निसरड्या काठांचे आहेत. अशा ठिकाणी मुलांना सुरक्षित अंतरावर बसवून दाखवावे. पात्रात मोकळे सोडू नये.

पूर्वपाहणी

सहलीच्या तयारीत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे पूर्वपाहणी. ज्या ठिकाणी मुलांना न्यावयाचे, तेथे शिक्षकाने आधी मुलांवाचून जाऊन आले पाहिजे. दहा वर्षांपूर्वी पाहिलेले ठिकाण न पाहिल्यासारखेच समजावे.

उदाहरणादाखल शिवनेरी घ्या. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, तो पाहण्याची इच्छा महाराष्ट्रातील कोणत्या मुलाला होणार नाही? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत शिवनेरीही आहे. समजा, चाळीस मुले न्यावयाची आहेत. एखाद्या रविवारी दोन शिक्षक गडावर गेले, हातात घड्याळ आणि वही. त्यांनी काय टिपावे?

गडावर जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक सात दरवाजांची, पायऱ्यांची. दुसरी कातळातील साखळीची. मुलांसाठी साखळीची वाट नाही, हे प्रथम लिहावे. सात दरवाजांच्या वाटेने मुलांच्या पावलाने चढावयास किती वेळ लागतो ते पाहावे. शिक्षकाच्या वेगात त्याची दीडपट तरी धरावी. पाचवा दरवाजा ओलांडल्यावर शिवाई देवीच्या मंदिराकडे फाटा फुटतो. येथेच तुकडी दुभंगण्याची भीती, म्हणून या फाट्यावर एक शिक्षक उभा राहील असे त्याच क्षणी ठरवावे. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, बदामी तलाव आहे, आणि टोकाला कडेलोटाचा कडा आहे. कोणत्या ठिकाणी कठडा आहे, कोठे नाही, कोठपर्यंत मुलांना न्यावयाचे आणि कोणती रेषा ओलांडावयाची नाही, याचा साधा नकाशा वहीत काढावा. कड्याकपारींत आग्या मोहोळे लोंबत असतील तर त्यांची जागा टिपावी. पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, सावली, गाडी उभी करण्याची जागा, जुन्नरच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता, भ्रमणध्वनीला कोठे लहर मिळते व कोठे नाही, हेही त्याच वहीत यावे.

ही वही हाती असली म्हणजे सहलीच्या दिवशी शिक्षक अनोळखी ठिकाणी उतरत नाही. त्याला केवळ मुलांकडे लक्ष द्यावयाचे असते.

पाहण्याचे काम

सुरक्षितता आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या मुलाजवळ पाहण्याचे, मोजण्याचे, लिहिण्याचे काम असते ते मूल भटकत नाही. रिकामे मूल मात्र कड्याकडे, पाण्याकडे, माकडांकडे ओढले जाते. म्हणून प्रत्येक गटाला निघण्यापूर्वीच एकेक प्रश्न द्यावा. मात्र प्रश्नही विचारपूर्वक निवडावा. "गडावरील टाकी मोजून या" असे सांगणे म्हणजे मुलांना आपल्या हातांनी पाण्याकडे धाडणे होय. त्याऐवजी, एकापुढे एक सात दरवाजे कशासाठी बांधले असतील, प्रत्येक दरवाजाजवळ वाट कोणत्या बाजूस वळते, पायऱ्यांचा दगड कोणता, असे प्रश्न द्यावेत. त्यांची उत्तरे वाटेवर शिक्षकांच्या समक्ष मिळतात. टाक्यांविषयी सर्वांनी मिळून, एका जागी उभे राहून बोलावे.

कोण येणार, कोण मागे राहणार?

सहलीच्या यादीत जी नावे नसतात त्यांच्याकडेही शिक्षकाने पाहावे. वर्गणी देता न आल्याने मागे राहणारी मुले, "मुलीला कशाला पाठवायचे" म्हणून घरी ठेवलेल्या मुली, पायाने अधू असलेला विद्यार्थी, यांना वगळून काढलेली सहल ही शाळेची सहल नव्हे. खर्च झेपत नसेल तर ठिकाण जवळचे निवडावे. एस्. टी. महामंडळ शालेय सहलींना सवलतीच्या दराने गाडी देते, तिचा लाभ घ्यावा. उरलेला भार ग्रामस्थ व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या साहाय्याने गाजावाजा न करता उचलावा; कोणत्या मुलाचे पैसे कोणी भरले हे वर्गात कळता कामा नये. मुलींसोबत शिक्षिका असावीच, आणि ती नसेल तर गावातील एखादी जाणती माता सोबत घ्यावी. मोठ्या मुलींच्या मासिक अडचणीसाठी लागणारे साहित्य तिच्यापाशी असावे.

पालकांचे लेखी संमतिपत्र आणि शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी यांवाचून सहल निघू नये. पण संमतिपत्र म्हणजे जबाबदारीतून सुटका असे कोणी समजू नये. त्या पत्राचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्यानिमित्ताने पालक शाळेत येतात आणि मुलाविषयी सांगतात : याला फिट येते, हिला दमा आहे, हा झोपेत उठून चालतो, हिला शेंगदाणे सोसत नाहीत. ही माहिती कोणत्याही छापील नमुन्यापेक्षा मोलाची आहे. ती शिक्षकाने स्वतंत्र वहीत टिपून गुप्त राखावी आणि सहलीत जवळ बाळगावी.

प्रवास व गणती

मालवाहू टेंपो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली हे माणसांचे वाहन नव्हे. कायद्यानेही त्यातून प्रवासी नेता येत नाहीत. "जवळच तर जायचे आहे" ही सबब चालवू नये. गाडीत आसनांपेक्षा अधिक मुले बसवू नयेत. रात्रीचा प्रवास टाळावा. एका दिवसात चार ठिकाणे पाहण्याच्या हव्यासाने चालकाला उसंत मिळत नाही, आणि मुलांना चारही ठिकाणे आठवत नाहीत. एकच ठिकाण पाहावे, निवांत पाहावे आणि दिवस मावळण्यापूर्वी गावी परतावे.

दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक मोठी व्यक्ती द्यावी. गटात पुन्हा दोघांची जोडी असावी, आणि "माझा जोडीदार कोठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला सदैव देता आले पाहिजे. गाडीतून उतरताना, गाडीत चढताना, जेवणापूर्वी, जेवणानंतर, स्वच्छतागृहाहून परतल्यावर आणि प्रत्येक जागा सोडताना गणती करावी. ती डोकी मोजून नव्हे, तर नावे पुकारून करावी. सहलीच्या दिवसांत एकाच ठिकाणी अनेक शाळा येतात. पुष्कळ शाळांचे गणवेशही एकसारखे दिसतात. डोकी चाळीस भरतात, परंतु त्यांतले एक शेजारच्या शाळेचे असते आणि आपले एक मागे राहिलेले असते. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे व गावाचे नाव आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास मुलाने शोधत फिरू नये. जेथे लक्षात आले तेथेच उभे राहावे, शिक्षकच शोधीत येतील, हे निघण्यापूर्वी पुन्हापुन्हा सांगावे.

संकट आल्यास

प्रथमोपचाराची पेटी सोबत असावी आणि ती उघडता येणारी व्यक्तीही सोबत असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

मोहोळाजवळ आरडाओरडा, दगडफेक व धूर यांना सक्त मनाई असावी. म्हणून कड्याखाली चूल पेटवून वनभोजन करू नये. माश्या उठल्याच तर डोके व तोंड झाकून तेथून त्वरेने दूर जावे. डंख नखाने खरवडून काढावा. कोणाला धाप लागली, अंगावर गांधी उठल्या किंवा पुष्कळ डंख झाले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

सर्पदंश झाल्यास मुलाला निजवून धीर द्यावा व दंश झालेला अवयव हलू देऊ नये. जखम कापणे, चोखणे, वर घट्ट बंध आवळणे हे सर्व अपायकारक आहे. साप ओळखण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. मांत्रिकाचा तर विचारही नको. प्रतिसर्पविष रुग्णालयातच मिळते.

उन्हाने मूल मलूल झाले तर सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग ओल्या फडक्याने पुसावे. शुद्धीवर असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा असावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. अंग थंड करीत रुग्णालयात न्यावे. मेघगर्जना ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे.

बुडणारे मूल ओरडत नाही. ते बहुधा निमूटपणे खाली जाते. अशा वेळी पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये. दोरी, लांब काठी, साडी किंवा बूच लावलेला रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या मुलाचे पोट दाबून पाणी काढण्याच्या नादी न लागता, श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास देण्यास व छातीदाब देण्यास आरंभ करावा. ही क्रिया वाचून येत नाही. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना मेळाव्यात बोलावून ती प्रत्येक शिक्षकाने हाताने करून पाहिली पाहिजे.

आणि आयत्या वेळी काही विपरीत दिसले, पाऊस आला, वाट खचलेली आढळली, गाडीचा चालक मद्य प्यालेला वाटला, तर सहल तेथेच थांबविण्याचा पूर्ण अधिकार शिक्षकाला आहे. मुले रुसतील, पालक भरलेल्या पैशांविषयी विचारतील, सहकारी हसतील. ते सोसावे. परत फिरलेली सहल पुढच्या महिन्यात पुन्हा काढता येते.

परतल्यावर

गाडी गावात आली म्हणजे सहल संपली असे नव्हे. अंधार पडण्याच्या सुमारास मुले वाटेल तशी पांगतात आणि दिवसभराचा सांभाळ शेवटच्या फर्लांगात निसटतो. प्रत्येक मूल पालकाच्या हवाली करावे आणि त्याच्या नावापुढे खूण करावी. वाडीवस्तीवरच्या मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीने पोहोचवावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना बोलू द्यावे, लिहू द्यावे, चित्रे काढू द्यावीत. शिक्षकांनीही पूर्वपाहणीच्या वहीतच चार ओळी लिहाव्यात : काय ठरविल्याप्रमाणे झाले, कोठे धांदल उडाली, कोणते मूल कोठे मागे राहता राहता सापडले. असे प्रसंग लपविण्याकडे कल असतो, कारण सर्व सुखरूप परतले असतात. परंतु पुढल्या वर्षी बदलून येणाऱ्या शिक्षकाला याच चार ओळी सर्वाधिक उपयोगी पडतील. ती वही शाळेच्या दप्तरात जपून ठेवावी. शिक्षक बदलतात, गड, नदी आणि समुद्र तेथेच राहतात, आणि दर वर्षी नवी मुले "गुरुजी, यंदा सहल कुठे?" असे विचारीत उभी राहतात.